होडीतून आणि जीपमधून एक दिवस

'सफारी' हा शब्द हल्ली पुष्कळांच्या कानावर पडतो. शहरात शिकणारी मुले गावी आली की म्हणतात, "आम्ही सफारीला जाऊन आलो." सफारी म्हणजे काय? शब्द परका वाटतो, पण तो आपल्या ओळखीचा आहे. आपण 'सफर' म्हणतो ना, त्याचाच हा भाऊ. दोन्ही शब्दांचे मूळ अरबी भाषेत आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे प्रवास. पुढे रानातली जनावरे पाहण्यासाठी केलेल्या प्रवासाला जगभर सफारी म्हणू लागले.

आफ्रिकेत बोत्सवाना नावाचा देश आहे. जगात सर्वांत जास्त हत्ती या देशात आहेत. तिथे चोबे नावाची नदी आहे. पाहुण्यांना सकाळी होडीत बसवून नदीवर नेतात. काठावर हत्ती पाणी पीत असतात. पाण्यात पाणघोडे डुंबत असतात. नंतर उघड्या जीपमधून रानात फिरवतात. बरोबर माहितगार वाटाड्या असतो. संध्याकाळी माणूस मुक्कामाला परत येतो.

तिथे जायचे तर विमान हवे आणि पैसाही फार हवा. पण होडी आणि जीप अशी एका दिवसाची सफर आपल्या महाराष्ट्रातही होते. आम्ही ती केली. ती कशी केली आणि तीतून आपल्या गावाने काय घ्यावे, ते आता सांगतो.

वारीहून वाट वाकडी केली

गेल्या माघ महिन्यात आम्ही गावची वीस-बावीस माणसे पंढरपूरला गेलो. माघी एकादशी झाली. विठोबाचे दर्शन झाले. चंद्रभागेत स्नान झाले. तेव्हा आमच्यातला एक तरुण म्हणाला, "गुरुजी, हे पाणी येते कुठून, ते पाहू या ना."

प्रश्न चांगला होता. चंद्रभागा म्हणजे भीमा नदीच. पंढरपूरला ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. तिच्यावर वरच्या अंगाला, सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, उजनी धरण आहे. ते १९८० साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. आता तुम्हीच हिशेब करा!

हे पाणी मागे पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात दूरवर पसरले आहे. तिथे पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण हे गाव आहे. आम्ही गाडीवाल्याला सांगून वाट वाकडी केली आणि भिगवणला मुक्काम केला.

पाण्यावरची सकाळ

भिगवणजवळ कुंभारगाव आणि डिकसळ ही गावे आहेत. तिथले कोळी बांधव मासे धरतात. हिवाळ्यात ते आपल्या होड्यांतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात. होडी चालवणारा तोच, आणि वाटाड्याही तोच. भाडे आधी विचारून ठरवून घ्यावे, म्हणजे मागून वाद होत नाही.

आम्ही दिवस उगवायच्या आत काठावर गेलो. थंडी चांगलीच होती. होडीवाल्याने आधी प्रत्येकाला एकेक जाकीट दिले. हे जाकीट पाण्यात माणसाला तरंगते ठेवते. आमच्यातले काहीजण म्हणाले, "आम्हाले पोहता येते, आम्हाले कायले पाहिजे?" तेव्हा आम्ही त्यांना एक गोष्ट सांगितली. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसे बुडून मेली. ते ऐकल्यावर सगळ्यांनी मुकाट्याने जाकिटे घातली. तुम्हीही कुठल्याही होडीत बसताना जाकीट मागा. नसेल तर बसू नका. वारा सुटला असेल तर जाऊच नका.

होडी निघाली. थोड्या वेळाने होडीवाल्याने इंजिन बंद केले आणि लांब बांबूने होडी ढकलू लागला. आवाज झाला तर पक्षी उडतात. समोर उथळ पाण्यात शेकडो उंच पक्षी एका पायावर उभे होते. अंगाने पांढरे, त्यात गुलाबी झाक. मान काठीसारखी लांब. हाच रोहित पक्षी. त्याला अग्निपंखही म्हणतात. थवा उडाला की पंखांखालचा लाल रंग एकदम दिसतो. जणू कोणी आकाशात गुलाल उधळला.

आमच्यातल्या एका काकूंनी विचारले, "काऊन जी, हे पाखरू लाल कशानं झालं?"

उत्तर ऐका. रोहित पक्ष्याचे पिल्लू राखाडी असते. हा पक्षी पाण्यातले बारीक किडे, शेवाळ असे काही खातो. त्या खाण्यात एक रंग असतो. तो अंगात भिनतो आणि पिसे गुलाबी होतात. गाजराला जो रंग असतो, त्याच जातीचा हा रंग. त्याची खाण्याची रीतही निराळी आहे. तो मान खाली घालून चोच उलटी धरतो. चोचीच्या आत चाळणीसारखी रचना असते. पाणी बाहेर जाते, खाणे आत राहते. आपल्या बाया पीठ चाळतात ना, तसेच.

भारतात हे पक्षी गुजरातेतल्या कच्छच्या रणात अंडी घालतात. आफ्रिकेतल्या केनिया देशात नाकुरू नावाचे सरोवर रोहित पक्ष्यांसाठी जगात नावाजलेले आहे. लोक ते पाहायला समुद्र ओलांडून जातात. आपण पंढरीहून वाट थोडी वाकडी केली की पुरे.

पलीकडे बदकासारखे काही पक्षी चरत होते. डोक्यावर दोन काळे पट्टे. तो पट्टकदंब. तो उन्हाळा तिबेट, लडाख अशा थंड मुलखात काढतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. त्याला ना नकाशा, ना तिकीट. आपण पायी वारी करतो, तो आकाशातून करतो.

धरण तुडुंब भरले की मात्र रोहित पक्षी उशिरा येतात. कारण त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. पाणी ओसरून काठ उघडे पडले, की त्यांचे ताट वाढले जाते.

परतताना होडीवाला एके ठिकाणी थांबला. खाली बोट दाखवून म्हणाला, "इथं आमच्या आज्याचं शेत होतं. काळी जमीन होती. धरण झालं, शेत पाण्यात गेलं." सगळे गप्प झाले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "शेत गेलं तेव्हा घरात चूल पेटली नव्हती म्हणतात. आता हिवाळ्याचे चार महिने या पाखरांवर घर चालतं. पण शेत ते शेत."

मंडळी, हे ध्यानात ठेवा. धरणाने पुष्कळांची शेते भिजवली, तशी काहींची बुडवली. पळसदेव गावचे जुने देऊळ याच पाण्यात आहे. पाणी फार कमी झाले की ते वर दिसते. ज्यांनी जमीन दिली, त्यांनाच आज पाहुण्यांकडून चार पैसे मिळतात, हे बरे आहे. पण पाखरे आली नाहीत तर ते पैसेही नाहीत.

माळावरची संध्याकाळ

दुपारी पिठले-भाकरी खाऊन आम्ही कडबनवाडीकडे निघालो. हे गावही इंदापूर तालुक्यातच आहे. तिथे मोठा गवताळ माळ आहे. वनखात्याने अलीकडे तिथे सफर सुरू केली आहे. आधी नाव नोंदवावे लागते. बरोबर गावातलाच एक शिकलेला तरुण वाटाड्या म्हणून येतो. त्याने आम्हाला नियम सांगितले. गाडीतून उतरायचे नाही. मोठ्याने बोलायचे नाही. भडक रंगाचे कपडे नकोत. खाण्याची वस्तू जनावरांना टाकायची नाही. प्लॅस्टिक रानात टाकायचे नाही.

जीप हळूहळू चालली. आमच्यातले एकजण म्हणाले, "इथे तर झाडच नाही. हे कसले रान?"

वाटाड्या हसला. म्हणाला, "गवत हेच इथलं रान. झाडं दाट झाली तर ही जनावरं जगायची नाहीत."

तेवढ्यात चिंकारा दिसला. हरणाचीच जात. शेळीएवढा, तांबूस रंगाचा, शिंगे सरळसर. चिंकारा बरेच दिवस पाण्याशिवाय राहू शकतो. पाला आणि दव यांतूनच त्याला ओलावा मिळतो. आम्ही मोजले, सात होते. आमच्याकडे बघून उभे राहिले आणि मग उड्या मारत गेले. बारामती तालुक्यात सुपे गावाजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. तेही चिंकाऱ्यासाठीच राखलेले आहे.

दिवस मावळता मावळता वाटाड्याने जीप थांबवली आणि बोट दाखवले. बांधावर लांडगा उभा होता. करड्या रंगाचा, पाय लांब, कान उभे. तो आमच्याकडे पाहत होता. पलीकडे धनगरांचा वाडा पडला होता. मेंढ्या जाळीत घातल्या होत्या. कुत्रे भुंकत होते.

आमच्याबरोबर शेळ्या राखणारी एक बाई होती. ती एकदम बोलली, "लांडगा पाहाले पैसे देता? माह्या दोन बकऱ्या त्यानं फुकटात नेल्या!"

कोणी हसले, कोणी गप्प बसले. तिचे म्हणणे खोटे नव्हते. गरिबाच्या दोन शेळ्या म्हणजे त्याची बँक. वाटाड्या मात्र शांतपणे म्हणाला, "मावशी, भरपाई मागितली का?" बाई म्हणाली, "कोनाले मागू?"

ही गोष्ट प्रत्येकाने नीट वाचावी. लांडगा, बिबट्या, वाघ, तरस अशा जनावराने आपले गुरू किंवा शेळी मारली, तर महाराष्ट्रात सरकार भरपाई देते. त्यासाठी ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवावे लागते. मेलेले जनावर जागेवरून हलवू नये. वनखात्याचे माणूस येऊन पंचनामा करते. वनखात्याचा फोन क्रमांक १९२६ आहे. तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. बाईला हे ठाऊक असते तर तिचे सगळे नुकसान झाले नसते. आता वाचायला येते, तर असे कागद आपणच वाचावे आणि शेजाऱ्यालाही सांगावे.

लांडगा मारणे हा उपाय नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो मोठा गुन्हा आहे. शिवाय लांडगा शेळीकडे का वळतो? माळ नांगरले गेले, ससे आणि हरणे कमी झाली, म्हणून. गवताळ माळाला सरकारी कागदावर पुष्कळ वेळा 'पडीक' म्हणतात. पडीक म्हटले की कोणीही त्याच्यावर हात घालतो. भारतातला चित्ता असाच गेला. शिकार झाली, माळ गेले. १९५२ साली भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पुढे २०२२ साली आफ्रिकेतल्या नामिबिया देशातून विमानाने आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या रानात सोडावे लागले. घरातले गेले की बाहेरून आणणे किती महाग पडते, ते यावरून कळते.

आपल्या जिल्ह्यात

मग आपल्या वाशिम जिल्ह्यात असे काही नाही का? आहे. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य २००० साली झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर आहे. काळवीट हाही गवताळ माळावरचाच प्राणी. नर काळा, शिंगे पिळाची. काटेपूर्णा अभयारण्य १९८८ पासून आहे. ते अकोला आणि वाशिम या दोन जिल्ह्यांत मिळून आहे. तिथे रानही आहे आणि धरणाचे पाणीही आहे. काटेपूर्णा नदी आपल्याच जिल्ह्यात उगम पावते, आणि तिचे पाणी अकोला शहर पिते. लांब जायला पैसे नसतील, तर आधी हे पाहा. मुलांना दाखवा.

परत येताना गाडीत बराच वेळ बोलणे चालले होते. आमच्या गावालाही गायरान आहे. ते नांगरून टाकावे, असे गावातले काही म्हणतात. काहींचा मुरूम काढण्यावर डोळा आहे. वारीला निघताना आमच्यातलेही चार-पाचजण त्याच मताचे होते.

शेळ्यावाली बाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गुरुजी, गायरान गेलं तं माह्या बकऱ्या कुठं चरतीन? आन् लांडगा काय खाईन? तो तं मंग माह्याच दारात येईन."

आम्ही चाळीस वर्षे शाळेत शिकवले. पण हा धडा इतक्या थोड्या शब्दांत आम्हाला सांगता आला नसता. ग्रामसभेत गायरानाचा विषय निघायचा आहे. बाईला आम्ही सांगितले आहे, तिथे तू बोल. ती हो म्हणाली आहे. आपल्या गावातही ग्रामसभा भरते. तिथे जा, आणि गायरानाचे काय होणार, ते विचारा.