भजी गरम, चटणी गार

पावसाळ्यातल्या रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर गाडी लावायला जागा मिळत नाही. टपऱ्यांवर कांदाभजीचे घाणे निघत असतात, शेगडीवर कणसे तडतडत असतात. खवय्यांमध्ये एखादा आरोग्याची काळजी करणारा असतोच आणि तो कढईकडे संशयाने पाहतो. तेल कितव्यांदा तापवले असेल? प्रश्न रास्त आहे. पुन्हापुन्हा तापवलेले तेल प्रकृतीला चांगले नाहीच. पण पोट बिघडण्याचा धोका त्या कढईत जवळजवळ नसतो. तो शेजारच्या चटणीच्या डब्यात असतो.

तळणीचे तेल १७० ते १८० अंशांपर्यंत तापलेले असते. भज्यातले पाणी उकळून त्याची वाफ होते, म्हणजे आतला भागही शंभर अंशांच्या आसपास पोचतो. अन्न आतपर्यंत ७० अंशांना तापले, तर पोटाचे बहुतेक जंतू मरतात. चटणीला मात्र आच लागतच नाही. त्यात नळाचे किंवा टँकरचे पाणी, न शिजवलेली कोथिंबीर आणि दिवसभर आत-बाहेर होणारा चमचा. चिरलेला कांदा, बर्फ, पिण्याचे पाणी यांचेही तेच.

ही भीती नुसती पुस्तकी नाही, हे या परिसराने सोसले आहे. जानेवारी २०२५मध्ये किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला आणि सिंहगड रस्त्याच्या भागात गिलियन-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. संशयाची सुई पाण्याकडे वळली. शहराची तहान भागवणारे धरण ज्यांच्या दारात, त्यांनाच स्वतःच्या पाण्याची धास्ती घ्यावी लागली!

कॅम्पिलोबॅक्टरचे आवडते घर म्हणजे कोंबडीचे आतडे. तिथले साधारण ४२ अंशांचे तापमान त्याला मानवते. माणसाला आजारी पाडायला काहीशे जिवाणूही पुरतात. बहुतेकांचे दुखणे जुलाब, ताप, पोटात कळा यांवर थांबते. पण या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. त्यामुळे जिवाणूशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडे क्वचित स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. हे घडते ते सुमारे हजारात एखाद्यालाच. पण ज्याच्यावर वेळ येते त्याचे पाय अचानक साथ सोडतात.

चिकनच्या बाबतीत आणखी एक वाट आहे. मलेशियात गल्लोगल्ली मिळणारे साते हे चांगले उदाहरण. काडीला टोचलेले चिकनचे तुकडे निखाऱ्यावर भाजतात आणि त्यांना तेल लावायला काही ठिकाणी ठेचलेला गवती चहाचा देठ वापरतात. युक्ती सुगंधी खरी, पण तोच देठ कच्च्या काड्यांवरून शिजलेल्या काड्यांवर फिरला, तर निखाऱ्याने केलेले काम वाया जाते. आपल्याकडच्या तंदुरी चिकनवर फिरणाऱ्या ब्रशची गोष्टही वेगळी नाही. शिवाय सात्यासोबत शेंगदाण्याची चटणी, कच्ची काकडी आणि कांदा येतोच!

म्हणून टपरीवर बसताना कढईपेक्षा इतर गोष्टींकडे पाहावे. भजी डोळ्यांदेखत तळून घ्यावीत, आधीच्या घाण्यातली नकोत. चहा उकळता चालेल, सरबतातला बर्फ टाळावा. हात धुवायला साबण-पाणी हवे, कारण नोरोव्हायरसपुढे सॅनिटायझर फारसा चालत नाही. मुलांना चटणीशिवाय भजी बेचव लागतील. घरून कोरडी लसणाची चटणी नेली तर तक्रार उरत नाही.

जुलाब बरे झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना पाय लटपटले किंवा अशक्तपणा पायांकडून वर सरकतो आहे असे वाटले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. श्वासाचे स्नायू दुबळे होण्याआधी उपचार सुरू व्हायला हवेत. इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन किंवा प्लाझ्मा बदलणे हे त्यावरचे उपचार आहेत आणि बहुतेक रुग्ण सावरतात, काहींना त्यासाठी कित्येक महिने लागतात.