कोवळे सेनापती आणि उतावळे संघ

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात पायाने चेंडू मारण्याचे प्रसंग थोडेच येतात. तो खेळ मुख्यतः हाताने चेंडू फेकण्याचा, तो घेऊन धावण्याचा आणि अंगावर येणाऱ्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांना थोपविण्याचा. अकरा जणांच्या या फौजेचा सेनापती म्हणजे क्वार्टरबॅक. क्रिकेटमध्ये कर्णधाराचे आणि प्रमुख फलंदाजाचे काम एकाच माणसावर टाकावे, आणि तो चेंडू टोलविण्याच्या बेतात असताना चार-पाच जणांनी त्याच्या अंगावर झेप घ्यावी, असे चित्र डोळ्यांसमोर आणले तर त्याच्या अवस्थेचा अंदाज येईल. हे स्थान अनेकदा विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, बाविशी-तेविशीतल्या मुलाकडे जाते आणि दोन-तीन वर्षांतच त्याच्या कपाळी यशाचा किंवा अपयशाचा शिक्का बसतो. हा शिक्का मुलावर बसतो खरा. पण ज्यांच्या हाती तो सोपविला गेला त्यांच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

२००५ सालचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अमेरिकेतील व्यावसायिक संघ दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड क्रमाक्रमाने करतात. तिला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या मोसमात जो संघ तळाला असेल त्याला पहिली निवड करण्याचा मान मिळतो. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोने पहिलाच खेळाडू म्हणून अ‍ॅलेक्स स्मिथ या क्वार्टरबॅकची निवड केली. अ‍ॅरन रॉजर्स हा दुसरा होतकरू क्वार्टरबॅक ताटकळत राहिला आणि अखेर चोविसाव्या क्रमांकावर ग्रीन बे या संघाने त्याला घेतले.

पुढे काय झाले? स्मिथला पहिल्याच वर्षी मैदानात उतरविण्यात आले. त्याच्या फेकींवर टचडाउन झाला अवघा एक आणि प्रतिपक्षाने त्याच्या ११ फेकी मध्येच झेलल्या. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या आक्रमणाची आखणी करणारा प्रशिक्षक दरवर्षी बदलू लागला. नवा प्रशिक्षक आला की नवी परिभाषा, नव्या चाली, नवे पदन्यास! जे महत्प्रयासाने शिकले ते विसरायचे आणि पुन्हा श्रीगणेशा करायचा. २००७ मध्ये खांदा दुखावला आणि २००८ चा सारा मोसम त्याच्या हातून गेला. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू वाया गेला, असे लोक उघड बोलू लागले. इकडे रॉजर्सला ब्रेट फार्व्ह या नामांकित खेळाडूच्या मागे तीन मोसम बसून राहावे लागले. २००६ मध्ये माइक मॅकार्थी हे ग्रीन बेचे मुख्य प्रशिक्षक झाले. उन्हाळ्याच्या विश्रांतीकाळात क्वार्टरबॅकसाठी खास पाठशाळा भरविण्याचा त्यांचा परिपाठ होता. रॉजर्सची चेंडू धरण्याची पद्धत, त्याचे पाय, त्याची नजर या साऱ्यांवर तेथे मेहनत घेतली गेली. २००८ मध्ये तो मुख्य क्वार्टरबॅक झाला आणि २०११ च्या फेब्रुवारीत त्याने सुपर बोल जिंकला. विशेष म्हणजे हेच मॅकार्थी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्मिथच्या आक्रमणाचे प्रशिक्षक होते. दोघांनाही गुरू तेच लाभले होते. एकाला ते एक वर्षभर लाभले, दुसऱ्याला अनेक वर्षे.

या विद्येत शिकण्यासारखे असते तरी काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. चेंडू हाती येताच क्वार्टरबॅक तीन, पाच किंवा सात पावले मागे सरतो. धावत सुटलेले त्याचे सहकारी कोणत्या क्षणी कोठे वळणार हे ठरलेले असते. पाऊल टेकणे आणि सहकाऱ्याचे वळणे यांचा मेळ बसला तर चेंडू वेळेवर सुटतो. पहिला सहकारी अडला तर दुसऱ्याकडे, तो अडला तर तिसऱ्याकडे नजर वळवायची आणि हे सारे दोन-तीन सेकंदांत उरकायचे. चाल सांगायलाही वेळ बेताचाच. १९९४ पासून प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये पोचतो. पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद पडतो. त्यापुढे मुलगा एकटा. अनेक विद्यापीठांत चाली मैदानाबाहेरून खुणांनी कळविल्या जातात. त्यामुळे दहा-बारा शब्दांची चाल एका दमात सहकाऱ्यांना सांगण्याची सवयही कित्येकांना नसते. ताकदीचा हात उपजत असू शकतो. हा सारा अभ्यास मात्र कोणालाही उपजत नसतो.

तो करवून घेण्याची एक उत्तम रीत बिल वॉल्श यांनी घालून दिली होती. १९७९ मध्ये त्यांनी जो मॉन्टानाला सॅन फ्रान्सिस्कोत आणले तेव्हा निवडीच्या यादीत तो ८२ वा होता. त्याचा हात फारसा ताकदीचा नाही, असा अनेकांचा आक्षेप होता. वॉल्श यांनी हाताचा ध्यास सोडून त्याच्या पायांवर आणि नजरेवर लक्ष दिले. लांब फेकींपेक्षा अचूक वेळी केलेल्या आखूड फेकींवर त्यांची सारी पद्धतीच उभी होती. पहिल्या वर्षी त्यांनी त्याला क्वचितच आणि यश पदरात पडण्याजोग्या प्रसंगी मैदानात पाठविले. दुसऱ्या वर्षी हळूहळू जबाबदारी वाढविली. सामन्याच्या आरंभीच्या चाली ते आधीच लिहून काढीत, त्यामुळे खेळाडूला काय करायचे आहे याची मनोमन उजळणी करता येई. १९८२ च्या जानेवारीत मॉन्टानाने सुपर बोल जिंकला. पण येथे एक गोष्ट विसरता कामा नये. वॉल्श यांच्या संघाने पहिल्या वर्षी १६ पैकी दोनच सामने जिंकले होते आणि दुसऱ्या वर्षी सहा. तरीही मालकांनी त्यांना काढले नाही. आजच्या हवेत त्यांना तिसरे वर्ष मिळाले असते, याची खात्री कोण देईल?

याचा अर्थ प्रत्येक तरुणाला दोन वर्षे बाकावर बसविले की काम झाले, असा नव्हे. खेळवावे की बसवावे, हा वाद अमेरिकेत वर्षानुवर्षे चालू आहे; तथापि तो मूळ प्रश्नाला बगल देणारा आहे. पेटन मॅनिंगला १९९८ मध्ये पहिल्याच सामन्यापासून खेळविले गेले. त्या वर्षी त्याच्या २८ फेकी प्रतिपक्षाने झेलल्या आणि संघ तीनच सामने जिंकला. पुढल्याच वर्षी त्याच संघाने १३ सामने जिंकले. कारण त्याची पद्धत बदलली नाही; आक्रमणाचे प्रशिक्षक टॉम मूर पुढील दहा वर्षे तरी तेच राहिले. याउलट डेव्हिड कार. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या अगदी नव्या संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि भक्कम संरक्षक फळी उभी करण्याआधीच मैदानात उभे केले. त्या एका मोसमात प्रतिपक्षाने त्याला चेंडूसह ७६ वेळा जमिनीवर लोळविले. असा मार खाणारा मुलगा पुढच्या सहकाऱ्यांकडे पाहायचे सोडून अंगावर येणाऱ्यांकडे पाहू लागला तर त्याला भित्रा कसे म्हणावे? २००७ मध्ये ह्यूस्टनने त्याला सोडून दिले आणि त्याला पुन्हा कोठेही बस्तान बसविता आले नाही. चुका मॅनिंगनेही केल्या. त्याला त्या पचवू देणारी माणसे भोवती होती, एवढाच फरक.

मग सगळेच असे का वागत नाहीत? याचे उत्तर व्यवस्थेतच दडलेले आहे. ड्राफ्टच्या नियमामुळे सर्वांत गुणी मुलगा बहुधा सर्वांत दुबळ्या संघाच्या वाट्याला जातो. दुबळ्या संघाच्या प्रशिक्षकाची खुर्ची आधीच डळमळीत असते. मुलाला घडायला तीन वर्षे हवीत आणि प्रशिक्षकापाशी कदाचित एकच वर्ष असते. अशा वेळी उद्याच्या शिष्यापेक्षा आजची नोकरी त्याला महत्त्वाची वाटली, तर तो मनुष्यस्वभावच झाला. २०११ च्या करारानंतर या घाईला पैशाचे कारणही मिळाले. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता. २०११ मध्ये त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २.२ कोटींचा. क्वार्टरबॅक स्वस्त आहे तोवरच वाचलेल्या पैशांतून बाकीचा संघ उभारावा आणि विजय पदरात पाडून घ्यावा, असा हिशेब त्यातून सुरू झाला. त्याच करारात सरावाचे दिवसही कमी झाले. म्हणजे शिकायला वेळ कमी आणि फळाची अपेक्षा मात्र लवकर!

ज्याला घाई नाही त्याला काय साधते, हे २०१७ मध्ये कॅन्सस सिटीत दिसले. प्रशिक्षक अँडी रीड यांचे आसन स्थिर होते. आदल्या मोसमात संघाने १२ सामने जिंकले होते. त्यांनी पॅट्रिक महोम्सला दहाव्या क्रमांकावर घेतले आणि वर्षभरात एकच सामना खेळविला. पुढल्या मोसमात त्याने टचडाउनच्या ५० फेकी केल्या आणि तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या शिकाऊ वर्षी त्याच्यापुढचा मुख्य क्वार्टरबॅक होता अ‍ॅलेक्स स्मिथ! २०११ मध्ये जिम हार्बॉ यांनी त्याला सावरले होते आणि २०१३ पासून तो रीड यांच्याकडे होता. आपली जागा घेण्यासाठीच हा मुलगा आणला आहे, हे त्याला पुरते ठाऊक होते. तरी आठवड्याची तयारी कशी करावी, प्रतिपक्षाचे चित्रीकरण कसे अभ्यासावे, हे त्याने हातचे राखून न ठेवता दाखविले. महोम्सने हे ऋण अनेकदा जाहीरपणे मान्य केले आहे.

तेव्हा उपाय प्रशिक्षकांना उपदेश करण्यात नाही. पहिल्या क्रमांकाचा मुलगा घेणाऱ्या मालकाने त्याला घडविणाऱ्या प्रशिक्षकालाही त्याच्याइतकीच मुदत दिली पाहिजे आणि संरक्षक फळीवरचा खर्च आधी केला पाहिजे. २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला सॅम डार्नल्ड न्यू यॉर्कमध्ये तीन वर्षांत दोन मुख्य प्रशिक्षकांच्या हाताखालून गेला आणि बाद ठरला. २०२४ मध्ये मिनेसोटात केव्हिन ओकॉनेल यांच्या हाताखाली त्याच्या संघाने १४ सामने जिंकले. मधल्या काळात त्याचा हात बदलला नव्हता. त्याच्यासारखे जे सावरले त्यांची नावे आपल्याला ठाऊक होतात. ज्यांना दुसरे दार उघडलेच नाही, त्यांच्यात काय होते हे आता कधीच कळणार नाही. गुणांची निवड करणे सोपे असते. ते सांभाळण्याची जबाबदारी जो घेत नाही, त्याला निवडीचा पहिला मान मिळावा तरी कशासाठी?