मशेरी : घरातले न मोजलेले व्यसन

आपल्या मंडळाच्या सभांतून दारूवर भाषणे होतात, मुलांच्या गुटख्यावरही होतात. मशेरीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. कारण मशेरी आपल्या आया, मावश्या, आत्या लावतात आणि घरात त्याला व्यसन म्हणत नाहीत. 'दात घासते' म्हणतात.

लहानपणी आईसाठी मी स्वतः ती भाजलेली आहे. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची आणि डबीत भरायची. सकाळी उठल्याबरोबर एकदा, दुपारी जेवणानंतर, रात्री निजताना. कामाला जाणाऱ्या बायकांना तिचा आणखी एक उपयोग होता, भूक मरत असे. अर्ध्या भाकरीवर दिवस निघे.

भाजल्याने तंबाखूतले विष जळून जाते, असा एक समज आहे. तो खरा नाही. निकोटीन शिल्लक राहते, कर्करोग करणारी नायट्रोसामाइन्स नावाची द्रव्ये राहतात आणि जळण्यातून काजळीतली घातक द्रव्ये वर तयार होतात. निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात उतरते. पुरुष तंबाखूला चुना लावून मळतात तेव्हा चुन्यामुळे निकोटीन मोकळे होऊन ते अधिकच वेगाने शोषले जाते. म्हणून तर बार भरला की लगेच 'तरतरी' येते. ओढत नाही, फक्त खातो किंवा लावतो, म्हणून कमी धोका असे समजणारे पुष्कळ आहेत. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात शंभर प्रौढांपैकी सुमारे चार जण विडी-सिगारेट ओढणारे आढळले आणि सुमारे चोवीस जण बिनधुराची तंबाखू वापरणारे. आपला खरा प्रश्न धुराचा नाहीच.

गरोदर बाईच्या बाबतीत तर दोन जिवांचा प्रश्न असतो. मुंबईतल्या १,२१७ स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मशेरी वगैरे बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि दिवस भरण्यापूर्वी बाळंत होण्याचे प्रमाणही जास्त निघाले. डोहाळे लागले म्हणून सुनेच्या हाती मशेरी देणाऱ्या सासूला हे कोणी सांगितलेले नसते.

माझ्या आईचे सांगतो. दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे नेले, तर त्यांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला. तो दुखत नव्हता, म्हणून तिने कधी सांगितलाच नव्हता. तुकडा तपासायला गेला. अहवाल येईपर्यंतच्या आठ दिवसांत काउंटरवर माझ्या हातून दोनदा बेरीज चुकली. कर्करोग नव्हता, परंतु पुढे होऊ शकेल अशी ती अवस्था होती. मशेरी सुटली तर असे चट्टे पुष्कळदा कमी होतात, असे डॉक्टर म्हणाले.

सोडणे सोपे गेले नाही. डोके जड, चिडचिड, पोट साफ होईना. 'बघ, मशेरीशिवाय पोटच चालत नाही,' असे ती म्हणे. तंबाखू सुटताना काहींना बद्धकोष्ठ होतो, तो बहुधा काही आठवड्यांत जातो. ती दोनदा परत वळली, तिसऱ्यांदा टिकली. मी मात्र दोन्ही वेळा तिला टाकून बोललो, ते चुकले. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, ती आम्हाला फार उशिरा कळली.

घरी आरशासमोर, उजेडात तोंड उघडून बघावे. गाल, हिरड्या, जिभेखालचा भाग. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, तिखट लागताच होणारी आग, किंवा तीन बोटे उभी आत जात नसतील इतके आखडलेले तोंड यांपैकी काहीही दिसले तर दुखण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. तोंड आखडण्याचे हे दुखणे मुख्यतः सुपारीने होते. गुटख्याला आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी मावा-खर्रा खाणारी कॉलेजातली मुलेही ही तीन बोटे घालून पाहू शकतात. आईला मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खिडकीशी बसवतो आणि बॅटरी घेऊन बघतो. तिला ते आवडत नाही.