शार्दूलाचें मोल

सन २०२५ च्या कार्तिक वद्य पक्षांतील ही गोष्ट. भात झोडून कणग्यांत पडलें होतें, तुळशीचें लग्न उरकलें होतें, आणि दिवेलागणीनंतर आमच्या शिवथरच्या घरीं सारी मंडळी ओटीवर जमली होती. मुंबईहून दोन दिवसांच्या रजेवर आलेला आमचा पुतण्या अंगणाच्या कोपऱ्यांतून धांवत आला; मोबाईलला आमच्या घरीं तेवढ्या कोपऱ्यांतच काय तो आवाज लागतो. ‘काका, शार्दूल मुंबईला आला! लखनौनें सोडला, दोन कोटींना!’ झोपाळ्यावर बसलेल्या आमच्या थोरल्या बंधूंनीं अडकित्ता खालीं ठेवून शांतपणें विचारलें, ‘कोणाचा बैल रे?’

हंशा पिकला आणि ओसरला. पण त्या प्रश्नांत जो कांटा होता तो कांहीं निघाला नाहीं. त्या रात्रीं पानें वाढून थंड झालीं तरी वाद मिटेना. तो वाद, आणि त्याच्या पोटांत दडलेला दुसरा एक वाद, वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें.

शार्दूल ठाकूर हा पालघरचा. जन्म १६ ऑक्टोबर १९९१. मुंबईच्या मैदानांवर खेळावयाचें म्हणून पाठीवर खेळाचें ओझें घेऊन पहांटेची गाडी धरावयाची आणि सायंकाळीं तसेंच परत यावयाचें, असें त्यानें बाळपणीं वर्षानुवर्षें केलें. बोरिवलीच्या शाळेंतील प्रशिक्षक दिनेश लाड ह्यांनीं त्याचें तेज ओळखून त्याला आपल्या शाळेंत आणलें आणि जाण्यायेण्याचा त्रास वांचावा म्हणून आपल्याच घरीं ठेवून घेतलें. रोहित शर्मा हाहि त्यांचाच विद्यार्थी. शिक्षकाचें मोल कोणत्याहि लिलावांत पुकारलें जात नाहीं, हें जातां जातां एक जुना मास्तर म्हणून नमूद करून ठेवतों.

आमच्या धाकट्या सूनबाईंचें माहेर पालघरकडचें. तेव्हां त्यांनीं शार्दूलचा पक्ष घेतला ह्यांत नवल नाहीं. ‘ज्याला २०२२ सालीं दिल्लीनें पावणेअकरा कोटी मोजले, त्याला आज दोन कोटी? हा मान कीं अपमान?’ असा त्यांचा सवाल. जानेवारी २०२१ मध्यें ब्रिस्बेनच्या कसोटींत अर्धा संघ जायबंदी असतां ह्यानें वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धांवांची भागी केली, स्वतः ६७ काढल्या, दोन डावांत मिळून सात बळी घेतले. रणजी करंडकासाठीं मुंबईनें ह्याच वर्षीं त्याला कर्णधार नेमलें. हें सारें त्यांना मुखोद्गत होतें. पुतण्याचें म्हणणें निराळें. तो बँकेंत हिशेब पाहतो. त्याच्या मतें कसोटीचें नाणें आयपीएलच्या बाजारांत चालत नाहीं. तेथें चार षटकें, म्हणजे चोवीस चेंडू, एवढाच प्रश्न. त्या चोवीस चेंडूंत शार्दूलची फार पिटाई होते, म्हणून भाव उतरला. आणि दोन कोटींत मुंबईला सौदा स्वस्तच पडला.

दोघांचेंहि ऐकून घेतल्यावर आम्हीं पुतण्याकडूनच मागील आंकडे काढून पाहिले, आणि दोघांचेंहि अर्धेंच खरें आहे असें आमच्या ध्यानीं आलें. २०१७ सालीं पंजाबच्या संघानें त्याला पुण्याच्या संघाकडे दिला. पुढें तो चेन्नईकडे गेला. २०२२ च्या लिलावांत दिल्लीनें १० कोटी ७५ लाखांना घेतला आणि त्याच वर्षाअखेर कोलकात्यास देऊन टाकला. कोलकात्यासाठीं त्यानें एप्रिल २०२३ मध्यें बंगळूरविरुद्ध २९ चेंडूंत ६८ धांवा ठोकल्या, तरी हंगाम संपतांच त्यांनीं त्याला मोकळा केला. मग चेन्नईनें चार कोटींना घेतला, आणि तेहि एका वर्षापुरतेंच. नोव्हेंबर २०२४ मध्यें सौदी अरबस्तानांतील जेद्दाह येथें मोठा लिलाव झाला. राखलेले खेळाडू धरून प्रत्येक संघाची एकूण थैली १२० कोटींची होती, एकट्या ऋषभ पंतला लखनौनें २७ कोटी दिले. आणि त्याच मंडपांत शार्दूलचें नांव दोन कोटींच्या मूळ बोलीवर पुकारलें गेलें असतां एकाहि संघाचा हात वर झाला नाहीं. चार महिन्यांनीं लखनौचा मोहसिन खान हा गोलंदाज जायबंदी झाला, तेव्हां त्याच्या जागीं त्याच दोन कोटींत शार्दूल घेतला गेला. आणि २७ मार्च २०२५ रोजीं हैदराबादेस त्यानें ३४ धांवांत चार बळी घेतले.

नोव्हेंबरांत ज्याला गिऱ्हाईक नव्हतें तो मार्चांत सामना फिरवितो. ह्या चार महिन्यांत त्याची विद्या वाढली काय? मुळींच नाहीं. वाढली ती गरज. लिलावांतील मोल हें गुणाचें मोल नव्हे. कोणत्या संघांत कोणती जागा रिकामी आहे, थैलींत किती उरलें आहे, आणि नांव पुकारलें जातें त्या घटकेस किती जण त्या जागेच्या शोधांत आहेत, ह्यांचा तो योगायोग आहे. श्रावणांतल्या सोमवारीं महाडच्या बाजारांत केळ्यांचा जो भाव असतो तो केळ्यांच्या गोडीवरून ठरत नाहीं, हें आमच्या घरांतील बायकांना ठाऊक आहे. हें सांगितल्यावर सूनबाई जरा निवळल्या.

आतां ज्याला हे लोक ‘ट्रेड’ म्हणतात त्यास मराठींत काय म्हणावें? अदलाबदल म्हणावें, तर शार्दूलच्या बदल्यांत कागदोपत्रीं दुसरा खेळाडू गेला नाहीं. त्याच सुमारास सचिन तेंडुलकरांचा मुलगा अर्जुन तीस लाखांवर मुंबईहून लखनौस गेला खरा, पण तो व्यवहार निराळा. आम्हीं ‘बदली’ हा शब्द सुचविला. कारण आमची उभी हयात बदल्यांत गेली. एका ओळीचा हुकूम यावा आणि मास्तरानें वळकटी बांधावी. परंतु थोरले बंधु म्हणाले, ‘बदलींत कोणी कोणाला पैसे देत नाहीं. ही विक्रीच. मला एवढेंच सांगा, त्या मुलाला कोणीं विचारलें का?’

पुतण्यानें नियम सांगितला. खेळाडूची लेखी संमति असल्याशिवाय एक संघ दुसऱ्या संघास त्याला देऊं शकत नाहीं. तेव्हां विचारलें जातें, हें खरें. एवढ्यावर वाद संपावयाचा. पण आमचा एकोणीस वर्षांचा नातू, जो इतका वेळ खांबाला टेकून मुकाट ऐकत होता, तो एकदम म्हणाला, ‘आणि आजोबा, त्यालाच दुसरीकडे जावयाचें असलें तर?’

ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्हांस रवींद्र जडेजाची हकीकत आठवावी लागली. २०१० सालीं, राजस्थानच्या संघांत असतां, अधिक मोबदल्यासाठीं त्यानें परस्पर दुसऱ्या संघाशीं बोलणीं केलीं; त्याबद्दल त्यास तो संपूर्ण हंगाम खेळण्याची बंदी झाली. पुढें तो चेन्नईचा झाला. २०२३ च्या अंतिम सामन्यांत अखेरच्या दोन चेंडूंवर दहा धांवा हव्या असतां एक षटकार आणि एक चौकार मारून त्यानेंच चेन्नईस करंडक मिळवून दिला. आणि शार्दूलच्या बातमीनंतर दोनच दिवसांनीं, १५ नोव्हेंबर २०२५ रोजीं, चेन्नईनें संजू सॅमसनला घेऊन जडेजाला दिला. कोणास, तर त्याच राजस्थानास! त्याचें वेतन अठरा कोटींवरून चौदा कोटींवर आलें. दुसऱ्या दिवशीं ही वार्ता आली तेव्हां ओटीवर पुन्हा रणकंदन झालें. सदतिशीला टेकलेल्या खेळाडूस चौदा कोटी पुष्कळ, असें पुतण्या म्हणतो. एका तपाची निष्ठा चार कोटींनीं कापली, असें सूनबाई म्हणतात. आमच्या मनाला मात्र आंकडा लागला नाहीं. संघानें बोलणीं केलीं तर ती व्यवहारचतुरता, खेळाडूनें केलीं तर तो अपराध, हें लागलें. संमतीचा अधिकार म्हणजे ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार. ‘मी जातों’ म्हणण्याचा अधिकार ही वेगळी वस्तु आहे. हंगाम संपला कीं संघ खेळाडूस सोडूं शकतो. खेळाडूस मात्र तसें मोकळेपणानें निघतां येत नाहीं.

ह्या भेदापायीं अमेरिकेंत एका खेळाडूनें आपला सारा खेळ पणास लावला. तिकडील बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊ. कर्ट फ्लड हा सेंट लुईसच्या संघांत मैदानाच्या मागल्या भागीं उभा राहून उंच चेंडू झेलण्यांत अद्वितीय. बारा हंगाम तेथें खेळल्यावर ऑक्टोबर १९६९ मध्यें त्यास न विचारतां फिलाडेल्फियास देण्यांत आलें. नवा संघ पहिल्यापेक्षां अधिक वेतन देत होता. तरी तो गेला नाहीं. मी खरेदीविक्रीची चीजवस्तु नाहीं, अशा अर्थाचें पत्र त्यानें खेळाच्या मुख्याधिकाऱ्यास लिहिलें आणि न्यायालयांत गेला. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध तीन मतांनीं निकाल त्याच्याविरुद्ध दिला. त्याचा खेळ जवळजवळ संपला. पण १९७३ मध्यें असा करार झाला कीं दहा वर्षें खेळलेला आणि त्यांतील अखेरचीं पांच एकाच संघांत काढलेला खेळाडू अदलाबदलीस नकार देऊं शकेल. आणि १९७५ च्या अखेरीस एका लवादानें करार संपलेल्या खेळाडूंना हव्या त्या संघाकडे जाण्यास मोकळें केलें. ज्यानें भांडून घेतलें त्याच्या पदरांत त्यांतलें कांहींच पडलें नाहीं.

हें ऐकून बंधूंनीं शुनःशेपाची आठवण काढली. ऐतरेय ब्राह्मणांतील ती कथा वाचकांस माहीत असेल. शंभर गाईंच्या मोबदल्यांत अजीगर्तानें आपला मधला मुलगा विकला. थोरला बापानें धरून ठेवला, धाकटा आईनें. यूपापासून सुटल्यावर बाप परत न्यावयास आला, तेव्हां शुनःशेप गेला नाहीं. त्यानें विश्वामित्राला आपला पिता निवडलें. बंधु म्हणाले, ‘शंभर गाई हा भाव कमी कीं जास्त, ह्याची चर्चा त्या कथेंत कोणी करीत नाहीं.’

आतां नातवाच्या प्रश्नाकडे येतों. त्यानें तो शार्दूलसाठीं विचारलाच नव्हता. दोन दिवसांनीं कळलें कीं महाडच्या बाजूच्या एका मंडळानें टेनिस चेंडूच्या सामन्यांसाठीं त्यास मागणी घातली आहे. हंगामाचे बारा हजार रुपये आणि बुटांचा एक जोड. अट एकच: दोन हंगाम आपल्या गांवाकडून खेळावयाचें नाहीं. गांवच्या संघाचा कर्णधार त्याचाच चुलतभाऊ, म्हणजे आमच्या पुतण्याचा मुलगा. दोघे एका पंक्तीला जेवतात. त्या आठवड्यांत एक जेवून उठल्याशिवाय दुसरा पाटावर बसत नसे. दोन कोटींवर रात्र रात्र बोलणारी मंडळी बारा हजारांचें नांव निघतांच चूप झाली. पुतण्यानें, ज्याचा बाजारावर एवढा विश्वास, रागानें विचारलें, ‘घरचा संघ सोडून जाणार?’ तेव्हां सूनबाईंनीं त्यास ऐकविलें कीं पालघरचा मुलगा सात संघ हिंडला तेव्हां तुम्ही त्यास व्यवहार म्हणालांत.

नातवानें आमच्यापुढें कोरा कागद ठेवला. ‘आजोबा, तुम्हीं लिहा. मला शब्द सुचत नाहींत.’ आम्हीं रक्कम लिहिली, बूट लिहिले, आणि दोन हंगामांच्या अटीच्या जागीं एक ओळ घातली: हंगाम संपल्यावर पंधरा दिवस आधीं कळवून मंडळानें खेळाडूस किंवा खेळाडूनें मंडळास सोडावें, दोहोंस मोकळीक सारखी. चार दिवसांनीं कागद परत आला. बारा हजार कबूल होते. ती ओळ मात्र निळ्या शाईनें खोडली होती.

नातवानें खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलें. म्हणाला, ‘हीच पुन्हा लिहा. पैसे हवे तर कमी करा.’ आम्हीं बाराचे नऊ केले आणि ओळ जशीच्या तशी उतरविली. मंडळानें सही केली. माघांत त्यांचा सामना आमच्याच गांवाशीं पडला. सूनबाईंना कोणाच्या नांवानें टाळ्या वाजवाव्यात हें ठरेना, म्हणून त्या घरींच राहिल्या. थोरले बंधु मात्र काठी टेकीत टेकीत प्रथमच मैदानावर आले, आणि दोघे चुलतभाऊ समोरासमोर उभे राहिले तेव्हां त्यांनीं आम्हांस विचारलें, ‘आपला कोणता?’