चंद्रपूरच्या चिमणीतून निघालेला धूर आडवा का होतो?

चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या चिमण्या लांबूनच दिसतात. महानिर्मितीचं हे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं. नीट बघितलं तर धूर आधी ताठ वर निघतो, मग वाऱ्यापुढे मान टाकतो आणि आडवा होतो. खालच्या वस्तीत किती सल्फर डायऑक्साइड उतरणार, हे बरंचसं या वळणावर ठरतं.

वाऱ्यात आडवा घुसलेला हा झोत नुसता वाकत नाही. वाकताना त्याच्या आत उलटसुलट फिरणारे दोन भोवरे तयार होतात आणि ते बाजूची स्वच्छ हवा आत ओढतात. म्हणूनच असा धूर सरळ झोतापेक्षा लवकर विरळ होतो.

पण झोतात जोर हवा. १९४१ साली अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठात शेरलॉक आणि स्टॉकर यांनी विंड टनेलमध्ये चिमणीचं छोटं मॉडेल ठेवून हेच तपासलं. धुराचा वेग वाऱ्याच्या साधारण दीडपट असला तर तो सुटून वर जातो. त्याहून कमी पडला तर चिमणीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी असतो, तिथे तो खाली खेचला जातो. म्हणजे चिमणी उंच बांधूनही त्या उंचीचा काही भाग वायाच!

आता तुम्ही म्हणाल, पावणेतीनशे मीटरची चिमणी टनेलमध्ये मावते कशी? मावत नाही. मॉडेल लहान असतं, जपायचं असतं ते वेगांचं प्रमाण. गरम धुराचा हलकेपणा आणायला हेलियम मिसळतात.

भारतात ५०० मेगावॅटच्या संचाला २७५ मीटर चिमणीचा नियम आला तो धूर दूरवर पांगावा म्हणून. पांगतो, कमी होत नाही, हे मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत चंद्रपूर देशात चौथं होतं.

गंधक काढायला धूर पाण्याच्या फवाऱ्यातून नेला की तो थंड होतो आणि कमी चढतो, त्यामुळे चिमणीचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. कोळशाचे ट्रक आणि दगडी कोळशाच्या शेगड्या यांचा धूर तर या हिशेबात येतच नाही. तो निघतो जमिनीवर आणि हिवाळ्यातल्या सकाळी, वर उबदार हवेचं झाकण बसलं की, तिथेच राहतो.