हार्ड डिस्कची वाटणी : हक्क आणि जबाबदारी

संगणक ही आता मध्यमवर्गीय घरातील चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका, कारकुनांचे हिशेब, विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि कुटुंबाची छायाचित्रे यांचा सारा संचय त्या यंत्रातील हार्ड डिस्कवर झालेला असतो. परंतु ही जागा कशी विभागली आहे, तिच्या सीमा कोणी आखल्या आणि त्या बदलण्याचा अधिकार कोणाचा, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. यंत्र जोडून देणाऱ्या दुकानदाराने 'सी' आणि 'डी' असे दोन भाग पाडून दिलेले असतात आणि वर्षानुवर्षे तीच व्यवस्था चालू राहते. पुढे 'सी' तुडुंब भरतो, 'डी' अर्धा रिकामा असतो आणि यंत्र मंदावते. अशा वेळी 'फॉरमॅट मारावे लागेल' हा एकच सल्ला मिळतो आणि त्यात पुष्कळदा वर्षांचे काम नाहीसे होते. वस्तुतः बांध थोडा सरकविला की जे साधते, त्यासाठी सारे शेत नांगरून टाकण्याचे कारण नसते. बांध सरकविण्याची ही साधने मुक्त सॉफ्टवेअरच्या रूपाने वीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहेत.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या प्रणालीला दिलेला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या जागी आलेल्या 'विंडोज ११'ने यंत्रसामग्रीविषयी घातलेल्या अटी असंख्य जुन्या, पण धडधाकट संगणकांना पूर्ण करता येत नाहीत. असे संगणक मोडीत काढावयाचे, की त्यांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवून त्यांचे आयुष्य वाढवावयाचे, हा प्रश्न शाळांपुढे आणि घरांपुढे उभा आहे. जुनी प्रणाली आणि जुने काम न गमावता नवी प्रणाली शेजारी नांदवावयाची असेल, तर डिस्कच्या वाटणीला पर्याय नाही.

गरजेतून आलेली वाटणी

डिस्कचे भाग पाडण्याची प्रथा हौसेतून निर्माण झाली नाही. १९८३ साली आयबीएमच्या 'पीसी एक्सटी' या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि त्याच वर्षी डॉस प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर 'एफडिस्क' हे विभाजनाचे साधन आले. त्या काळी ३२ मेगाबाइटपेक्षा मोठा विभाग डॉसला हाताळता येत नसे. डिस्क मोठ्या होऊ लागल्या तेव्हा त्यांचे तुकडे पाडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आज एक टेराबाइटची साठवण सामान्य यंत्रातही आढळते. म्हणजे त्या पहिल्या डिस्कच्या एक लक्ष पट. पुष्कळ यंत्रांत तर फिरणारी तबकडी जाऊन चिपांची साठवण आली आहे. तरीही विभागणीचे तत्त्व बदललेले नाही.

'एफडिस्क'ची अडचण अशी होती की, विभागाची सीमा बदलावयाची तर तो विभाग पुसून नव्याने आखावा लागे. आतील मजकूर शाबूत ठेवून सीमा हलविणारी सॉफ्टवेअर १९९०च्या दशकात आली. त्यांतील 'पार्टिशन मॅजिक' हे नाव त्या वेळच्या संगणकवाल्यांच्या तोंडी असे. पण ते विकत घ्यावे लागे. त्याच दशकाच्या अखेरीस 'ग्नू पार्टेड' हे मुक्त साधन आकारास आले आणि २००४ साली त्याला चित्रमय रूप देणारे 'जीपार्टेड' प्रसिद्ध झाले. 'पार्टिशन मॅजिक'ची विक्री यथावकाश बंद पडली. 'जीपार्टेड' मात्र आजही सुधारत आहे. मालकी एका कंपनीची असली की वस्तूचे आयुष्य त्या कंपनीच्या इच्छेवर अवलंबून राहते. मालकी सर्वांची असली की ती वस्तू पुढच्या हाती जाऊ शकते. एवढा बोध या लहानशा इतिहासातून घेता येतो.

डिस्कचा सात-बारा

वाटणी म्हणजे डिस्कवर प्रत्यक्ष काही कापणे नव्हे. शेताची हद्द जशी तलाठ्याच्या दप्तरात नोंदलेली असते, तशी विभागांची हद्द डिस्कच्या आरंभी एका कोष्टकात नोंदलेली असते. जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या खंडात या कोष्टकासाठी अवघे ६४ बाइट राखलेले असत. प्रत्येकी १६ बाइटांच्या चारच नोंदी त्यात मावत. म्हणून मुख्य विभाग चारच. अधिक हवे असल्यास त्यांपैकी एकाच्या पोटात उपविभाग पाडावे लागत. शिवाय सर्वसाधारण डिस्कवर दोन टेराबाइटच्या पलीकडील जागा या नोंदीत बसत नसे. 'जीपीटी' या नव्या पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते आणि कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. एक उतारा फाटला तरी दुसरा हाती राहावा, हा त्यामागील विचार.

हे ध्यानी घेतले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. विभाग चुकून काढून टाकला तर प्रथम जाते ती केवळ नोंद. सात-बारावरील नाव खोडले म्हणून उभे पीक जळत नाही. तेव्हा असा अपघात घडताच त्या डिस्कवर नवीन काहीही न लिहिणे, हा पहिला नियम होय. 'टेस्टडिस्क' हे मुक्त साधन हरवलेल्या विभागांच्या खुणा शोधून नोंद पुन्हा उभी करू शकते. पण त्या जागेवर दुसरा मजकूर लिहिला गेला, तर कोणतेही साधन हतबल ठरते.

क्रम चुकला तर

प्रत्यक्ष कृतीतही काही पथ्ये अटळ आहेत. ज्या प्रणालीवर यंत्र चालू आहे, तिचाच विभाग लहान करणे म्हणजे उभे असलेल्या जमिनीचीच फरशी उखडणे. म्हणून 'जीपार्टेड'ची स्वतंत्र आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन यंत्र तिच्यावरून सुरू केले जाते आणि मूळ डिस्क निवांत ठेवली जाते. विभाग लहान करताना आधी आतील फाइलव्यवस्था आवळावी लागते आणि मग सीमा आत घ्यावी लागते. मोठा करताना क्रम उलटा: आधी सीमा बाहेर, मग फाइलव्यवस्थेचा विस्तार. हा क्रम साधन स्वतःच पाळते. ठरविलेल्या कृतींची ते यादी करते आणि वापरणाऱ्याने अखेरचा होकार देईपर्यंत डिस्कला हात लावीत नाही. घाईने घेतलेल्या निर्णयाचा फेरविचार करण्यास ही सवड मोलाची ठरते.

विभागाचा शेवट सरकविणे तुलनेने सोपे असते. आरंभ सरकविणे मात्र जोखमीचे. कारण त्यासाठी आतील सर्व मजकूर उचलून नव्या जागी मांडावा लागतो आणि त्यास कित्येक तास लागू शकतात. 'डी' आवळून त्याची जागा 'सी'ला द्यावयाची, तर नेमके हेच करावे लागते. मध्येच वीज गेली तर मजकूर धड ना जुन्या जागी, धड ना नव्या, अशी अवस्था होते. ज्या गावांत वीज सांगून जात नाही, तेथे बॅटरी नसलेल्या यंत्रावर हे काम आरंभणे म्हणजे आपत्तीला निमंत्रण होय. विंडोजचा विभाग असेल, तर ती प्रणाली अर्धनिद्रेत न ठेवता पूर्णपणे बंद करावी लागते. विभाग 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असेल, तर ते कूटरूप आधी उलगडून घ्यावे लागते. यंत्राला दोन डिस्क जोडलेल्या असताना नाव न वाचता भलतीचीच निवड करणे, ही चूकही जाणत्यांच्या हातून घडते.

'डी' ड्राइव्हचा भ्रम

या सर्वांहून घातक असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो असा की, महत्त्वाचे सारे 'डी'वर ठेवले म्हणजे ते सुरक्षित झाले. या समजात तथ्यांश आहे, हे नाकारता येणार नाही. प्रणाली बिघडली आणि 'सी' पुसावा लागला, तर 'डी'वरील मजकूर वाचतो. प्रणाली आणि संग्रह यांची फारकत करणे यासाठीच श्रेयस्कर मानले जाते. पण 'सी' आणि 'डी' या एकाच घरातील दोन खोल्या आहेत, दोन घरे नव्हेत. घराला आग लागली तर दोन्ही जळतात. डिस्क यांत्रिक दोषाने बंद पडली, यंत्र चोरीस गेले किंवा पावसाच्या पाण्यात भिजले, तर त्यावरील सर्व विभागांची एकच गत होते. तात्पर्य, विभाग म्हणजे राखीव प्रत नव्हे. राखीव प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि शक्यतो दुसऱ्या जागी असली पाहिजे. वाटणीला हात घालण्यापूर्वी अशी प्रत आहे ना, हा प्रश्न पहिला; बाकीचे सर्व प्रश्न त्यानंतरचे.

विभागांचा अतिरेकही तितकाच त्रासदायक. शेतजमिनीचे फार तुकडे पडले की कसणे परवडत नाही, हे ओळखून मुंबई प्रांतात १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. डिस्कच्या बाबतीत असा कायदा नसला, तरी न्याय तोच. दहा विभाग पाडणाऱ्याकडे दहा ठिकाणी थोडी थोडी जागा पडून राहते आणि हवी तेथे ती कधीच पुरत नाही. एक विभाग प्रणालीसाठी, एक संग्रहासाठी आणि दुसरी प्रणाली बसवावयाची असल्यास तिच्यासाठी आणखी एक, एवढी वाटणी सामान्य वापराला पुरेशी असते.

मोफत नव्हे, मुक्त

इंग्रजीत एकाच शब्दाने 'फुकट' आणि 'स्वतंत्र' असे दोन्ही अर्थ व्यक्त होत असल्याने त्या भाषेत मोठा गोंधळ माजला. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' हे शब्द वेगळे आहेत, हे आपले भाग्य. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हा त्यांना अभिप्रेत होती ती मुक्तता. सॉफ्टवेअर कोणत्याही हेतूने चालविणे, त्याची रचना अभ्यासणे, त्याच्या प्रती वाटणे आणि त्यात सुधारणा करून त्या प्रसृत करणे, ही ती चार स्वातंत्र्ये. 'जीपार्टेड' आणि 'टेस्टडिस्क' ही दोन्ही त्याच परंपरेतील आहेत. ज्या विद्यार्थ्याला ती वापरावयाची आहेत, त्याला चोरीची प्रत शोधावी लागत नाही. आणि ती कशी चालतात हे जाणून घ्यावयाचे असेल, तर त्यांची मूळ संहिता त्याच्यापुढे उघडी असते.

परंतु स्वातंत्र्याबरोबर जबाबदारी येते. मुक्त सॉफ्टवेअरचे परवाने सामान्यतः स्पष्टच सांगतात की, या साधनाची कोणतीही हमी दिलेली नाही. नुकसान झाले तर दाद मागण्यास कोणी नाही. विकत घेतलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या करारांतही दायित्व झटकणारी कलमे असतात, ही गोष्ट वेगळी. पण तेथे निदान बोट दाखविण्यास एक दुकान असते. येथे निर्णय वापरणाऱ्याचा आणि परिणामही त्याचाच.

म्हणूनच हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोपविण्याजोगा नाही. केरळ राज्याने शालेय संगणकशिक्षणासाठी मुक्त प्रणालीचा मार्ग या शतकाच्या पहिल्याच दशकात स्वीकारला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली सिद्ध केली. साधने आहेत, उणीव आहे ती त्यांच्या परिचयाची. संगणक शिकविताना पत्रे टंकित करणे आणि तक्ते भरणे एवढ्यावर समाधान न मानता, डिस्कवरील हद्द कशी वाचावी, राखीव प्रत कशी घ्यावी आणि जुन्या यंत्रावर नवी प्रणाली कशी नांदवावी, याचे दोन-चार प्रात्यक्षिक पाठ एखाद्या टाकाऊ यंत्रावर देणे कोणत्याही शाळेला अशक्य नाही. त्या यंत्रावर विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली तरी कोणाचेही काही बुडत नाही आणि त्याचा धडा मात्र जन्मभर पुरतो.

आपल्या शेताचा बांध कोठे आहे, हे ज्याला ठाऊक नसते, तो इतरांच्या शब्दावर अवलंबून राहतो. संगणकाच्या बाबतीत आपली अवस्था आज तशीच आहे. बांध सरकविण्याचे साधन आता सर्वांच्या हाती आले आहे. ते उचलण्यापूर्वी बी-बियाणे दुसऱ्या कोठारात ठेवण्याची दूरदृष्टी मात्र ज्याची त्यानेच दाखवावयाची आहे.