दोन्ही टोकांचा खेळाडू

ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलमध्ये उंच, बळकट आणि हवेतला चेंडू धरण्यात निष्णात असा एखादा खेळाडू मैदानाच्या दोन्ही टोकांना सारख्याच विश्वासाने खेळू शकतो, तेव्हा त्याला तेथील बोलीत ‘स्विंगमन’ म्हणतात, म्हणजे सामन्याच्या गरजेप्रमाणे आघाडीतून बचावात आणि बचावातून आघाडीत वळवता येणारा माणूस. अशा खेळाडूचे खरे स्थान कोणते, हा वाद या खेळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्याचा मागोवा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते, ती अशी की या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा खेळाडूच्या अंगच्या गुणांवरून नव्हे, तर त्याच्या संघात त्या मोसमात कशाची उणीव आहे यावरून दिले गेले.

हा वाद समजण्यासाठी खेळाची रचना थोडी जाणून घ्यावी लागते. क्रिकेटपटूंना हिवाळ्यात व्यायाम मिळावा म्हणून टॉम विल्स या मेलबर्नच्या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये फुटबॉल क्लब काढण्याची सूचना केली आणि मे १८५९ मध्ये मेलबर्न क्लबच्या सभासदांनी पहिले नियम लिहून काढले. हा खेळ आजही क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानांवर खेळला जातो, आणि मराठी वाचकांना कसोटी सामन्यांमुळे परिचित असलेले मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हेच त्याचे सर्वांत मोठे रंगस्थळ आहे. प्रत्येक बाजूचे अठरा खेळाडू मैदानात असतात. मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असून मधल्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू पाठवला तर तो गोल होतो आणि त्याचे सहा गुण मिळतात, तर चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’चा एकच गुण पदरी पडतो. किमान पंधरा मीटर अंतरावरून लाथेने आलेला चेंडू वाटेत कोणाचाही स्पर्श न होता झेलला तर त्याला ‘मार्क’ म्हणतात, आणि मार्क घेणाऱ्याला निर्वेधपणे पुढची लाथ मारण्याचा हक्क मिळतो. हा मार्कच दोन्ही टोकांना जोडणारा दुवा आहे, कारण आघाडीच्या उंच खेळाडूचे आणि त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या बचावपटूचे मुख्य कौशल्य एकच, उंच उडी घेऊन चेंडू पकडणे, हेच असते.

कौशल्य एक असले तरी कामे मात्र भिन्न आहेत. आघाडीचा खेळाडू आपल्या पहारेकऱ्याला चकवून अचानक मोकळ्या जागेकडे धावतो, चेंडू आपल्याकडे ओढून घेतो आणि मग गोलकडे वळून, हजारोंच्या गजरात, एकट्याने नेम साधतो. बचावपटूला चेंडू कोठे पडणार याचा अंदाज आधी बांधावा लागतो, आणि तो धरता येणार नाही असे दिसताच मुठीने ठोसून दूर लोटावा लागतो. आघाडीवाला दहा वेळा चुकून अकराव्या वेळी गोल करतो तेव्हा आधीचे दहा प्रसंग विसरले जातात. बचावपटू दहा वेळा अचूक राहून अकराव्या वेळी चुकतो तेव्हा फलकावर सहा गुण लागतात आणि तेवढेच लोकांच्या ध्यानात राहते. दोन्ही टोके जमणाऱ्या खेळाडूला आघाडीकडे ओढण्याची जी प्रवृत्ती प्रशिक्षकांत आणि त्याहून अधिक प्रेक्षकांत आढळते, तिचे मूळ या हिशेबात आहे. गोल मोजले जातात, अडवलेले गोल कोणी मोजत नाही.

व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला मोसम १८९७ मध्ये झाला, आणि पुढची अनेक दशके या स्पर्धेत अष्टपैलू खेळाडूची किंमत नियमांनीच वाढवून ठेवली होती. राखीव खेळाडू प्रथम १९३० मध्ये एक आणि १९४६ पासून दोन मिळू लागले, परंतु त्यांच्यासाठी जो बाहेर गेला तो परत येऊ शकत नसे. त्यामुळे सामना हातातून निसटू लागला की प्रशिक्षकाजवळ एकच मोठा उपाय उरे, तो म्हणजे मैदानात असलेल्यांच्या जागा बदलणे. फुट्सक्रे क्लबचा टेड व्हिटन हा या काळातील सर्वांत ठळक दाखला ठरतो. १९५१ ते १९७० या काळात ३२१ सामने खेळलेल्या आणि १९५७ पासून संघाचे नेतृत्व व प्रशिक्षण एकाच वेळी सांभाळलेल्या व्हिटनने आघाडीच्या मध्यभागी आणि बचावाच्या मध्यभागी, म्हणजे अनुक्रमे ‘सेंटर हाफ-फॉरवर्ड’ आणि ‘सेंटर हाफ-बॅक’ या मैदानाचा कणा मानल्या गेलेल्या दोन्ही जागांवर, अधिकाराने खेळ केला. १९९६ मध्ये लीगच्या शतकपूर्तीनिमित्त शतकातील सर्वोत्तम संघ निवडण्यात आला, तेव्हा त्याला कर्णधारपद देण्यात आले आणि जागा देण्यात आली ती सेंटर हाफ-बॅकची. आघाडीचा मोह कितीही प्रबळ असला तरी दीर्घ काळाने तोलून पाहणाऱ्यांनी या माणसाला बचावात ठेवले, ही बाब या वादात दुर्लक्षिण्याजोगी नाही.

१९७८ मध्ये अदलाबदलीची पद्धत आली आणि बाहेर गेलेल्याला परत येण्याची मुभा मिळाली, तरीही जागा बदलण्याचे महत्त्व लगेच ओसरले नाही. १९८४ च्या अंतिम सामन्यात शेवटचा चतुर्थांश सुरू होताना एसेंडन संघ हॉथॉर्नपेक्षा २३ गुणांनी मागे होता. प्रशिक्षक केव्हिन शीडी यांनी आपली रचना उलटीपालटी केली आणि बचावात खेळणाऱ्या बिली डकवर्थला आघाडीत पाठवले. त्या चतुर्थांशात एसेंडनने नऊ गोल केले, सामना २४ गुणांनी जिंकला, आणि अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे नॉर्म स्मिथ पदक डकवर्थला देण्यात आले. या विजयाचा ठसा पुढील प्रशिक्षकांच्या मनावर खोल उमटला असावा, कारण मागे पडलेल्या संघाने बचावातील उंच खेळाडू पुढे पाठवणे हा त्यानंतर जवळजवळ शिरस्ता झाला. तथापि एका चतुर्थांशापुरती केलेली चाल आणि एखाद्याच्या कारकिर्दीचे कायमचे वळण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे काही चांगल्या खेळाडूंची उमेदीची वर्षे वाया गेली, असे म्हणणे भाग आहे.

या संदर्भात १९९० आणि २००० च्या दशकांचा विचार सविस्तर करावा लागतो, कारण प्रश्नाची तिन्ही संभाव्य उत्तरे त्या काळातील खेळाडूंनी देऊन ठेवली आहेत. पहिले उत्तर कार्लटनच्या स्टीफन सिल्व्हाग्नीचे. तो ‘फुल बॅक’, म्हणजे गोलसमोरचा अखेरचा पहारेकरी. १९९५ च्या अंतिम सामन्यात जिलाँगच्या गॅरी अ‍ॅब्लेट थोरल्यासारख्या भेदक आक्रमकाला त्याने एकही गोल करू दिला नाही आणि कार्लटनने तो सामना ६१ गुणांनी जिंकला. याच माणसाला १९९३ मध्ये फिट्झरॉयविरुद्ध आघाडीत खेळवले असता त्याने एका सामन्यात दहा गोल केले होते, आणि ३१२ सामन्यांच्या कारकिर्दीत त्याच्या नावावर २०२ गोल जमा झाले. दहा गोलांचा तो दिवस पाहिल्यावर त्याला कायमचा पुढे नेण्याचा मोह आवरणे सोपे नव्हते. क्लबने तो आवरला, आणि शतकातील सर्वोत्तम संघात फुल बॅकची जागा सिल्व्हाग्नीला मिळाली. त्याच्या बाबतीत बचाव हे घर होते आणि आघाडी ही अधूनमधून दिलेली भेट होती.

दुसरे उत्तर मेलबर्नच्या डेव्हिड नाइट्झचे आहे आणि ते नेमके उलट दिशेने जाते. १९९५ मध्ये देशातील वर्षाच्या सर्वोत्तम संघात, ज्याला ‘ऑल-ऑस्ट्रेलियन’ संघ म्हणतात त्यात, नाइट्झची निवड झाली ती बचावपटू म्हणून. पुढे तो आघाडीत गेला आणि तेथेच स्थिरावला; २००२ मध्ये ७५ गोल करून साखळी फेरीतील सर्वाधिक गोलांसाठी दिले जाणारे कोलमन पदक त्याने मिळवले आणि ३०६ सामन्यांत ६३१ गोलांसह कारकीर्द संपवली. फिट्झरॉयकडून दोन्ही टोकांना खेळलेल्या अ‍ॅलिस्टर लिंचचा प्रवासही याच जातीचा होता. १९९४ मध्ये तो ब्रिस्बेनला गेला, दीर्घकालीन थकव्याच्या आजाराने त्याची कारकीर्द संपते की काय अशी वेळ आली, आणि त्यातून उठून २००१, २००२ व २००३ अशी सलग तीन जेतेपदे त्याने आघाडीच्या टोकावर उभे राहून जिंकली. या दोघांच्या यशाचे कारण केवळ त्यांच्या नेमात शोधता येणार नाही. पहारेकऱ्याचे पाय कोणत्या क्षणी जड होतात आणि त्याची नजर चेंडूवरून कधी हटते, हे ज्याने स्वतः पहारा देऊन अनुभवले आहे, त्याला तो पहारा चुकवणे सोपे जाते. बचावात घालवलेली वर्षे या अर्थाने आघाडीची पूर्वतयारीच ठरतात.

तिसरे उत्तर फ्रीमँटलच्या मॅथ्यू पाव्हलिचचे आहे. २००० मध्ये पदार्पण केलेल्या या खेळाडूची २००२ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन संघात बचावपटू म्हणून निवड झाली, आणि २००८ पर्यंत एकूण सहा वेळा तो त्या संघात आला, बहुतेकदा आघाडीतील कामगिरीच्या बळावर. मधल्या काळात संघाने त्याला मध्यरक्षणातही वापरले. ३५३ सामने आणि ७०० गोल हे आकडे पाहिले की त्याच्याबाबत काही चुकले असे म्हणवत नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. फ्रीमँटल हा १९९५ मध्ये स्पर्धेत आलेला तरुण क्लब होता, त्याच्याकडे गोल करणाऱ्यांची चणचण होती, आणि पाव्हलिच पुढे गेला तो त्या चणचणीमुळे. एखाद्या संपन्न क्लबात तो कदाचित आपल्या पिढीतील सर्वश्रेष्ठ बचावपटू म्हणून ओळखला गेला असता. खेळाडूचे स्थान संघाच्या उणिवेने ठरते याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. त्याने ती उणीव दीड दशक एकट्याच्या खांद्यावर वाहिली, याबद्दल त्याच्याविषयी आदरच वाटतो.

त्यानंतर वादाचे स्वरूपच पालटले. अदलाबदलीसाठी राखीव खेळाडूंची संख्या १९९८ पासून चारवर गेली होती, खेळाडू सतत आत-बाहेर होऊ लागले, त्यांची दमछाक कमी झाली आणि सगळा संघ चेंडूमागे धावून जागा अडवू लागला. २००८ मध्ये हॉथॉर्नने जेतेपद मिळवले ते माणसामागे माणूस लावण्याऐवजी जागेचे जाळे विणणाऱ्या बचावाच्या आधारे. अशा जाळ्यात उंच बचावपटूचे काम एका प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहण्याचे उरले नाही; विरोधकांनी मारलेला चेंडू मध्येच झेलून तेथूनच आपले आक्रमण सुरू करणे, हे त्याचे नवे काम झाले. २०१८ च्या अंतिम सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत वेस्ट कोस्टच्या जेरेमी मॅकगव्हर्नने आपल्या बचावात असा चेंडू पकडला, तो नेथन व्हार्डी आणि लियम रायन यांच्यामार्फत डॉम शीडपर्यंत पोहोचला, आणि शीडने सीमारेषेलगतच्या अवघड कोनातून केलेल्या गोलाने कॉलिंगवुडविरुद्धचा सामना ७९–७४ असा फिरला. गोलाच्या नोंदीत मॅकगव्हर्नचे नाव नाही, तरी त्या गोलाचा उगम त्याच्या झेलात होता. हॉथॉर्नचा जेम्स सिसिली आघाडीत सुरुवात करून २०१७ च्या सुमारास मागे आला, पुढे संघाचा कर्णधार झाला आणि २०२३ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन ठरला. पूर्वी जे मागे हटणे पदावनती मानले जाई, ते आता बढती ठरू लागले होते.

उलट दिशेची वाहतूकही थांबलेली नाही. वेस्टर्न बुलडॉग्जचा एरन नॉटन २०१८ मध्ये बचावपटू म्हणून आला आणि पुढच्याच वर्षी आघाडीत जाऊन तेथे रुजला. नियमांनीही या प्रश्नाला पुन्हा धार आणली आहे: २०१९ पासून मध्यावरून खेळ सुरू होताना तिन्ही विभागांत सहा-सहा खेळाडू ठेवण्याची सक्ती झाली, आणि अदलाबदलीवर २०१४ मध्ये सामन्याला १२० अशी मर्यादा येऊन ती २०१६ मध्ये ९० व २०२१ मध्ये ७५ पर्यंत उतरली, त्यामुळे बाहेर न जाता मैदानातच काम बदलू शकणाऱ्या खेळाडूची गरज जुन्या काळासारखीच पुन्हा जाणवू लागली.

अलीकडच्या काळात ही गरज ज्याच्या वाट्याला सर्वाधिक आली, तो मेलबर्नचा टॉम मॅकडोनल्ड. कित्येक मोसम बचावात घालवल्यानंतर २०१७ मध्ये त्याला पुढे पाठवण्यात आले, २०१८ मध्ये त्याने ५३ गोल केले, आणि २०२१ मध्ये क्लबने ५७ वर्षांनी जेतेपद मिळवले तेव्हा तो आघाडीत होता. त्यानंतर दुखापती आल्या, गोल आटले, आणि त्याची उपयुक्तता संपली असे अनेकांना वाटू लागले. २०२४ मध्ये, तिशी ओलांडल्यावर, संघाने त्याला पुन्हा गोलसमोरच्या पहाऱ्यावर उभे केले, आणि ज्या जागेवरून त्याची कारकीर्द सुरू झाली होती त्याच जागी तो मोसमभर नियमितपणे खेळला.